जुन्या गिटारचं संगीत हरवलेलं नाही

‘गिटारचं स्वतःचं जुनं संगीत उरलेलंच नाही, जे वाजवतात ते सगळं ल्यूटवरून उसनं घेतलेलं.’ गिटार शिकणाऱ्यांच्या गप्पांत हे विधान इतक्या खात्रीने केलं जातं, की कुणी उलट प्रश्नही विचारत नाही. काही शिक्षकही तेच सांगतात. मग ‘रेनेसाँ गिटार’ असं शीर्षक दिलेली, पण कुणी कशावरून उतरवली याचा पत्ता नसलेली पानं विद्यार्थी निमूटपणे गिरवत बसतात. हे विधान साफ चुकीचं आहे, आणि त्याविरुद्धचा पुरावा पावणेपाचशेहून अधिक वर्षं छापील स्वरूपात पडून आहे.

१५४६ साली सेव्हियात आलोन्सो मुदाराचं पुस्तक निघालं. त्यातलं बहुतेक संगीत व्हिउएला या गिटारसारख्या स्पॅनिश वाद्यासाठी असलं, तरी सहा रचना खास गिटारच्या आहेत : चार फांतासिया, एक पावाना आणि एक रोमानेस्का. गिटारसाठी छापलेलं, आज हाती असलेलं हे सर्वांत जुनं संगीत. १५४९मध्ये व्हेनिसला बार्बेरिसने आणि १५५४मध्ये पुन्हा सेव्हियात फुएनयानाने गिटारच्या रचना छापल्या. पॅरिसमध्ये तर चढाओढच लागली. १५५१ ते १५५५ या काळात ल रॉय आणि बालार यांनी पाच, तर ग्राँजाँ आणि फेझाँदा यांनी चार, अशी गिटारची नऊ पुस्तकं तिथे निघाली. ही गिटार लहान होती : तीन जोडतारा आणि एक सुटी तार.

सतराव्या शतकात पाच जोडतारांची गिटार रूढ झाली आणि साहित्य आणखी वाढलं. कोर्बेत्ता (१६७१), गास्पार सान्स (१६७४), रोबेर द व्हिझे (१६८२), गेराऊ (१६९४) यांची पुस्तकं शाबूत आहेत. सांतियागो दे मुर्सियाचं एक हस्तलिखित १९४३ साली थेट मेक्सिकोत सापडलं. शंका असेल त्याने जेम्स टायलर आणि पॉल स्पार्क्स यांचा २००२चा ग्रंथ उघडावा. मूळ साधनांच्या याद्याच त्यात दिल्या आहेत. १६००पूर्वीच्या छापील पुस्तकांसाठी हॉवर्ड मेयर ब्राउन यांची १९६५ची सूची आहे. माद्रिद आणि पॅरिस इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी कित्येक मूळ पुस्तकांची पानं जालावर मोफत ठेवली आहेत. एवढं असताना ‘काही उरलं नाही’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

अडचण वेगळीच आहे. मूळ पान समोर आलं, तरी ते वाचता यावं लागतं.

सान्सच्या पुस्तकातलं एक पान घ्या. पाच रेघा, त्यांवर आकडे. ० म्हणजे मोकळी तार, २ म्हणजे दुसरा फ्रेट. पण त्याची पद्धत इटालियन असल्यामुळे सर्वांत खालची रेघ ही सर्वांत उंच सुराची तार. आजच्या टॅबची, म्हणजे रेघा-आकड्यांच्या लिपीची, सवय असलेला विद्यार्थी सगळं उलटं वाजवतो आणि पुस्तकाला दोष देतो. दुसरी गोम तारांची. बोटांनी सूर छेडून वाजवायचं असेल, तर चौथ्या आणि पाचव्या जोडीला खर्जाच्या जाड तारा नकोत, असं सान्स स्वतः सांगतो. तिथे बारीक तारा लावल्या की एक सूर एका तारेवर, पुढचा दुसरीवर असं वाजवत सूर एकमेकांत मिसळत जातात. तेच आकडे आजच्या गिटारवर जसेच्या तसे वाजवले, तर काही सूर सप्तकभर खाली जातात आणि सरळ चाल उड्या मारू लागते. म्हणून संपादकाने मूळ पुस्तक, त्याचं साल, तारांची जुळणी आणि स्वतः केलेले बदल सांगितलेच पाहिजेत. ज्या आवृत्तीत यातलं काहीच नाही, तिच्यावर विसंबू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

‘टॅब ही आजकालची पळवाट आहे.’ मुदाराचं १५४६चं पुस्तक टॅबमध्येच आहे.

‘“रोमान्स” ही शेकडो वर्षं जुनी स्पॅनिश रचना आहे.’ ती सहा तारांच्या गिटारची, एकोणिसाव्या शतकाच्या वळणाची रचना आहे. कर्त्याबद्दल मात्र वाद आहे.

‘ती गाजलेली कांझोना सोळाव्या शतकातला ल्यूटवादक फ्रांचेस्को दा मिलानो याची आहे.’ ती विसाव्या शतकातल्या व्लादिमिर वाविलोव्ह या रशियन वादकाने रचून त्याच्या नावावर खपवली.

‘गिटारवादक सेगोव्हियाने वाजवलेला ए मायनरचा सुइट जुना ल्यूटवादक वाइस याचा आहे.’ तो विसाव्या शतकातल्या मान्वेल पोन्से या संगीतकाराने रचला आणि वाइसच्या नावावर वाजवला गेला.

‘जुन्या पुस्तकांतली अक्षरं म्हणजे आजच्या कॉर्डची नावं.’ मुळीच नाही. मोंतेसार्दोने १६०६ साली छापलेल्या अक्षरपद्धतीत ‘ए’ म्हणजे आजचा जी मेजर, ‘बी’ म्हणजे सी मेजर आणि ‘सी’ म्हणजे डी मेजर.