दोन सुया, एक दोरा : चामड्याच्या कामाची सुरुवात

मी घाटकोपरहून बोलतेय. "चामड्याचं काम घरी बसून जमतं का?" असं बऱ्याच जणी विचारतात. जमतं. मशीन नको, वीज नको. एक पाट, थोडी हत्यारं आणि सबुरी एवढं पुरतं.

माझ्या पर्सचा पट्टा उसवला, तेव्हा मी याकडे वळले. स्टेशनबाहेरच्या चर्मकार दादांनी तो पाच मिनिटांत शिवून दिला. मी विचारत गेले, ते दाखवत गेले.

आधी चामडं. झाडाच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं चामडं घट्ट असतं. पाण्याचा थेंब ते शोषून घेतं आणि गडद होतं. शिकायला हेच बरं. क्रोमनं कमावलेलं मऊ असतं, पण त्याची कड नीट घासली जात नाही. धारावीच्या दुकानांत चामडं फुटावर मिळतं. सुरुवातीला मात्र कातरण मागा किंवा घरातली जुनी पर्स उसवा.

आता हत्यारं. कापायला रापी, भोकं पाडायला आरी, शिवाय लोखंडी पट्टी, मेण, जाड दोरा आणि बोथट टोकाच्या दोन सुया. कारागिरांच्या आरीला टोकाशी खाच असते, तिनं ते दोरा ओढून घेतात. ती हातात बसायला वेळ लागतो. आपण साधी, सरळ आरी घ्यायची.

रापीला धार हवीच. बोथट रापीला जोर लावावा लागतो, मग ती घसरते. माझा अंगठा असाच कापला होता. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवा, पुढे कधीच नको.

आता शिलाई. चष्म्याचं घर करून बघा. कडेपासून थोडं आत पट्टीनं रेघ मारा. इंचाला साधारण सहा भोकं, सगळी सारख्या अंतरावर. शिवण असेल त्याच्या चौपट दोरा घ्या, त्याला मेण लावा आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. पहिल्या भोकातून दोरा अर्धा-अर्धा काढा. पुढच्या प्रत्येक भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून घाला आणि दोन्ही टोकं सारखी ओढा. शेवटी दोन टाके मागे येऊन दोरा कापा. यात एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनची शिलाई एका जागी तुटली की पुढे उसवत जाते. कड ओल्या फडक्यानं पुसून लाकडाच्या गुळगुळीत तुकड्यानं घासा, चकाकी येते.

मैत्रिणींनो, आपल्याला जो छंद वाटतो, ते कुणाचं तरी पिढीजात पोट आहे. त्या कामावरून त्यांना कमी लेखलं गेलं, हेही विसरू नका. कोल्हापुरी चपलेची वेणी, नक्षी यात बायकांचे हात मोठे. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकचेही चार. तरी 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कारागिरांचं नाव कुठंच नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ कबूल केलं. लांबच्या कंपनीला आपण बोल लावतो, पण गावातल्या कारागिराशी आपण कसे वागतो?

म्हणून बचत गटात हे काम सुरू करायचं असेल, तर बाजारच्या दिवशी गावातल्या चर्मकार दादांना किंवा ताईंना शिकवायला बोलवा. त्यांना चटईवर आपल्या बरोबरीनं बसवा, चहा द्या आणि त्यांच्या वेळेचे पैसे ठरवून द्या. वस्तू विकायला काढाल, तेव्हा किंमत धरताना चामडं, दोरा यांच्यासोबत स्वतःचे तासही मोजा. आपली मजुरी आपणच विसरलो, तर दुसरं कोण लक्षात ठेवणार?

पहिलं घर वाकडं होईल. ते टाकू नका, जपून ठेवा. दहावं झालं की शेजारी ठेवून बघा.