विशेषणांचे वजन

मराठी माणूस कडक चहा पितो, उग्र वासाने नाक मुरडतो, प्रखर उन्हात सावली शोधतो आणि कडाक्याच्या थंडीत शाल पांघरतो. प्रखर चहा किंवा कडाक्याचा वास असे तो चुकूनही म्हणत नाही. जोर दाखविणारे कोणते विशेषण कोणत्या नामाजवळ शोभते, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. कानालाच ते कळते. इंग्रजीकडे वळताच मात्र या कानाचा उपयोग होत नाही. शाळेत पहिल्यांदा शिकलेला ‘स्ट्राँग’ हा शब्द पाऊस, वेदना, स्पर्धा, कायदा अशा सर्वांना लावला जातो. आणि कागदावर ‘सिव्हियर’, ‘अक्यूट’, ‘व्हायोलंट’, ‘फोर्सिबल’ असे शब्द आले की सर्वांचा अर्थ ‘जोरदार’ असाच धरला जातो. बोलण्यात यामुळे फारसे अडत नाही. व्यवहाराच्या कागदावर मात्र अडते, आणि कधी कधी फार महाग पडते.

यांतील प्रत्येक शब्द जोराविषयी वेगळी माहिती देतो. ‘स्ट्राँग’ म्हणजे अंगी बळ असलेला, ताण सोसणारा. ‘पॉवरफुल’ म्हणजे ज्याचे बळ दुसऱ्यावर परिणाम घडविते तो. हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, मोटार ‘पॉवरफुल’ असते, अदलाबदल केली की कानाला खटकते. ‘इंटेन्स’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘ताणलेले’ हा अर्थ आहे. म्हणून एकवटलेली उष्णता, एकाग्र अभ्यास आणि आतून जाणवणारी वेदना यांना तो लागतो. ‘फिअर्स’च्या मुळाशी ‘रानटी’ हा भाव आहे, म्हणून अटीतटीच्या स्पर्धेला तो शोभतो. ‘सिव्हियर’मध्ये सोसणाऱ्याचा त्रास दिसतो, तर ‘व्हायोलंट’मध्ये मोडतोड आणि इजा.

रुग्णालयाच्या कागदावर हा फरक प्रथम भेटतो. ‘अक्यूट’ हा शब्द वाचून घरातील माणसे घाबरतात; पण वैद्यकात त्याचा अर्थ ‘गंभीर’ असा नाही. अचानक उद्भवलेला, थोड्या मुदतीचा आजार तो ‘अक्यूट’. दीर्घकाळ चालणारा तो ‘क्रॉनिक’. आजार किती जड आहे, हे ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’ आणि ‘सिव्हियर’ हे शब्द सांगतात. म्हणजे एक शब्दसमूह काळाचे माप आहे, दुसरा भाराचे. साधी सर्दीही ‘अक्यूट’च असते, उलट ‘माइल्ड’ आणि ‘क्रॉनिक’ असे दोन शब्द एकत्र आले, तर सौम्य वाटणारा तो आजार वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. आरोग्यविमा घेताना अशा जुन्या आजाराची प्रस्तावपत्रात नोंद केली नाही, तर पुढे दावा अडू शकतो. ‘माइल्ड’ या एका शब्दावर विसंबून ती नोंद टाळणे धोक्याचे असते.

हवामानखात्याने तर या विशेषणांना आकडेच बांधून दिले आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला तर ‘व्हेरी हेवी’, आणि त्याहून अधिक झाला तर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. या शेवटच्या शब्दाला खालची मर्यादा आहे, वरची नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदला गेलेला ९४४ मिलिमीटर पाऊसही त्याच वर्गात बसतो. वाऱ्याचेही तसेच. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग वादळ ‘सिव्हियर’ वर्गातील होते. या वर्गात वाऱ्याचा वेग ताशी ८९ ते ११७ किलोमीटर असतो. त्याच्या वर ‘व्हेरी सिव्हियर’, ‘एक्स्ट्रीमली सिव्हियर’ आणि ‘सुपर’ अशा आणखी तीन पायऱ्या आहेत. किनाऱ्याजवळ गोदाम असलेल्या व्यापाऱ्याने इशाऱ्यातील विशेषण वाचले, की माल फळीवर चढवावा की दुसरीकडे हलवावा, याचा निर्णय त्याला वेळेत घेता येतो.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जोडी मात्र ‘फोर्सिबल’ आणि ‘व्हायोलंट’ ही आहे. दुकान आणि गोदामाच्या घरफोडी विम्यात हे शब्द अनेकदा आढळतात. २००४ साली असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. व्यापाऱ्याचा माल चोरीस गेला होता. चोरी झाली याविषयी वाद नव्हता. पॉलिसीतील व्याख्येत मात्र आवारात शिरताना किंवा बाहेर पडताना ‘फोर्सिबल अँड व्हायोलंट’ मार्गाचा वापर झालेला असावा, अशी अट होती. न्यायालयाने म्हटले, की करारातील शब्द जसे आहेत तसेच वाचावे लागतात; बळाचा किंवा हिंसेचा वापर अथवा धमकी नसेल, तर केवळ चोरी झाली म्हणून भरपाई मिळत नाही. निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला. सर्वसामान्य माणसाला अर्थ कळेल अशी पॉलिसीची भाषा असावी, अशी अपेक्षाही न्यायालयाने व्यक्त केली. पण व्यापाऱ्याची रक्कम तेवढ्याने परत आली नाही. कुलूप तोडून झालेली चोरी आणि उघड्या दारातून झालेली चोरी यांत मालकाचे नुकसान सारखेच असते. विम्याच्या कागदावर ती दोन निराळी प्रकरणे ठरतात, आणि त्यांच्यामध्ये उभी असतात दोन विशेषणे.

‘फोर्सिबल’ची भावंडेही ओळखून ठेवावीत. ‘फोर्सफुल’ म्हणजे परिणामकारक. भाषण ‘फोर्सफुल’ असणे ही स्तुती आहे. ‘फोर्सिबल’ म्हणजे बळजबरीचा. ‘फोर्स्ड’ म्हणजे परिस्थितीने भाग पाडलेला. कर्जासाठी तारण ठेवलेल्या मालमत्तेच्या मूल्यांकन अहवालात बाजारभावाच्या जोडीला ‘फोर्स्ड सेल व्हॅल्यू’ लिहिलेली असते. घाईने विकावी लागली तर मालमत्तेचे किती येतील, याचा तो अंदाज असल्यामुळे ती रक्कम बाजारभावापेक्षा कमी असते. बँकेने आपल्या इमारतीची किंमत पाडली, असा राग धरण्याचे त्यात कारण नाही.

भावाच्या बोलण्यातही असेच आहे. ‘फर्म’ भाव म्हणजे ज्यावर विकणारा ठाम आहे तो. ‘स्टिफ’ भाव म्हणजे घेणाऱ्याला अवाजवी वाटणारा. पत्रात एकाऐवजी दुसरा शब्द पडला, तर बांधिलकीच्या जागी तक्रार पोहोचते. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे नियमात सूट न देणारा, ‘सिव्हियर’ म्हणजे ज्याची झळ लागते तो. वेळेवर हप्ता मागणारा सावकार ‘स्ट्रिक्ट’ असतो. त्याला ‘सिव्हियर’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

या सर्वांसाठी शब्दकोश पाठ करण्याची गरज नाही. जोर दाखविणारे विशेषण दिसले, की तीन प्रश्न विचारावेत : हा जोर कोणाचा, तो कोणावर पडतो, आणि त्याचे माप कागदात कोठे दिले आहे? पॉलिसी असो वा करार, व्याख्यांचे पान बहुधा आरंभीच असते आणि बहुधा तेच न वाचता उलटले जाते. ते पान घरातील इंग्रजी शिकलेल्या मुला-मुलींकडून मोठ्याने वाचून घ्यावे. शंका राहिल्यास विमा प्रतिनिधीला उत्तर लेखी मागावे. मालाचे वजन स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पावती न करणाऱ्या घरांना शब्दाचे वजन पाहण्याची सवय लावून घेणे अवघड नाही. सही करण्यापूर्वी ती दहा मिनिटे मात्र काढायला हवीत.