डिस्कची वाटणी बिघडली तर?

आमच्या संस्थेच्या संगणकात शिष्यवृत्तीच्या याद्या, देणगीचा हिशेब आणि कार्यक्रमांची छायाचित्रे 'डी' विभागात होती. 'सी' विभागाला जागा अपुरी पडू लागली म्हणून आम्ही 'डी' लहान करावयास घेतला आणि मध्येच वीज गेली. पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर प्रश्न आला : फॉरमॅट करावयाचे काय? या प्रश्नास 'हो' म्हणू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

हार्डडिस्कला शेत मानले तर पार्टिशन म्हणजे त्यातील वाटण्या व पार्टिशन टेबल म्हणजे सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असतो व त्यात चारच नोंदी मावतात. जीपीटी पद्धतीत त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. उतारा फाटला म्हणून उभे पीक जळत नाही. तक्ता बिघडला तरी माहिती बहुधा जागेवरच असते. मात्र विभागाची सुरुवात पुढे सरकवताना माहितीही उचलून पुढे ठेवावी लागते. काम अर्ध्यावर थांबले तर काही माहिती जुन्या जागी, काही नव्या जागी राहते.

अशा वेळी प्रथम त्या डिस्कवर काहीही लिहू नये. दुरुस्तीसाठी चेकडिस्कही चालवू नये. डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून 'डीडीरेस्क्यू'ने तिची संपूर्ण प्रत तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. पुढील सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा 'टेस्टडिस्क' हा मोफत प्रोग्राम हरवलेल्या सीमा शोधतो. त्याने भागले नाही तर त्यांचाच 'फोटोरेक' फाइलींच्या आरंभीच्या खुणा ओळखून त्या बाहेर काढतो. पण फाइलींची मूळ नावे बहुधा मिळत नाहीत. डिस्क खटखट वाजत असेल तर ती बंद करून तज्ज्ञाकडे न्यावी. एसएसडीमध्ये 'ट्रिम'मुळे मोकळ्या ठरलेल्या जागेतील माहिती कायमची पुसली जाऊ शकते. तेथे विलंब करू नये.

आम्हांस बरीच छायाचित्रे परत मिळाली, पण नावांवाचून. याद्या मात्र मिळाल्या नाहीत. कपाटातील कागदी रजिस्टर उघडून त्या पुन्हा लिहून काढाव्या लागल्या. ते रजिस्टर नसते तर कोणा विद्यार्थ्याची मदत राहून गेली असती.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, वाटणीस हात लावण्यापूर्वी माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, एवढा धडा आम्ही घेतला आहे.