कोकणकडा मोबाईलमध्ये मावतो का?

हरिश्चंद्रगडाची चढण संपवून कोकणकड्यावर पोचलं की बहुतेकांचे मोबाईल बाहेर येतात आणि बोट थेट ‘पॉइंट फाइव्ह’वर जातं. दिसतंय ते सगळं एका फोटोत घ्यायचं, हा साधा हिशेब. घरी येऊन पाहावं तर कडा बोटभर, आकाश ढीगभर आणि खालचं कोकण म्हणजे नुसता राखाडी पट्टा.

दोष मोबाईलचा नाही. ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणजे अल्ट्रावाइड लेन्स; ती जवळचं फुगवते आणि दूरचं आकसते. पायाशी सोनकीचा ताटवा असेल, तर फोन खाली नेऊन ती जरूर वापरावी. पण फक्त दूरचे डोंगर टिपायचे असतील, तर मुख्य लेन्स बरी. तिचा सेन्सरही सहसा मोठा असतो, त्यामुळे बारकावे टिकतात.

हा कडा सरळ भिंतीसारखा नाही. तो आत वळलेला आहे आणि माथ्याशी पुढे झुकलेला. समोर तोंड करून उभं राहिलं की त्याची गोलाई कळतच नाही. एका टोकाला जाऊन, कडेपासून मागे राहून, दुसऱ्या टोकाकडे तिरका फोटो घ्यावा. पलीकडच्या माथ्यावरची मुंगीएवढी माणसं फ्रेममध्ये आली, की कड्याची उंची आपोआप समजते.

सगळा पसारा हवाच असेल तर पॅनोरमा आहे. फोन उभा धरावा, म्हणजे वरखाली जास्त भाग येतो. हात लांब करून गर्रकन फिरू नये. तसं केलं की फोन मोठ्या वर्तुळात फिरतो आणि जवळचे खडक जोडताना तुटतात. कोपरं अंगाशी ठेवून, फोन जागच्या जागी वळेल असं हळू फिरावं. सुरुवातीलाच उजळ ढगावर बोट दाबून एक्सपोजर लॉक केलं, तर आकाश पांढरंफटक पडत नाही.

दोन किंवा तीन पट झूमकडे मात्र कुणी फारसं वळत नाही. खरं तर एकामागे एक उभ्या डोंगररांगा त्यातच दाटून येतात. दूरची रांग निळसर दिसते, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, हवा धुतलेली असते. एप्रिल-मेच्या धुरकट दुपारी हा खेळ जमत नाही. झूम खऱ्या लेन्सचा आहे की नुसता कापून मोठा केलेला, हेही आधी तपासावं.

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी भिंत सावलीत असते, उतरत्या उन्हात तिच्यातले लाव्हाचे आडवे थर उठून दिसतात. सकाळ राखून ठेवावी ती इंद्रवज्रासाठी. सूर्य पाठीशी आणि दरीत ढग असले, की आपल्या सावलीभोवती रंगीत कडं उमटतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1835 मध्ये अशा गोल इंद्रधनुष्याची नोंद केली होती. हे कडं लहान असतं, अल्ट्रावाइडमध्ये त्याचा ठिपका होतो. धुक्यात फोकस भरकटतो, म्हणून कड्याच्या खडकावर तो लॉक करावा.

मोबाईल काढण्याआधी लेन्स सुती रुमालानं पुसावी. घामेजल्या बोटाचा एक ठसा सगळं चित्र दुधाळ करतो. आणि खालचं बेलपाडा गाव पाहायचं तर पालथं झोपूनच डोकवावं. फोनची दोरी मनगटात हवी आणि आपले पाय मागून कुणीतरी धरलेले हवेत.