पानफुटी : पानातून रोप कसं येतं आणि का येतं?



शाकीय प्रजनन शिकवताना आपण सगळेच एक ठरलेलं वाक्य सांगतो : 'पानफुटीच्या पानापासून नवीन रोप तयार होते.' मुलं ते वहीत उतरवतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि विषय संपतो. पण वर्गात एखादं चौकस मूल असतंच. ते विचारतं, "मॅडम, मग आंब्याच्या पानातून का नाही येत?" याचं उत्तर द्यायचं तर पानफुटी मुळात जगते कशी, हे बघावं लागतं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आपल्या पिंपळे गुरवमध्ये पानफुटी शोधायला लांब जावं लागत नाही. बैठ्या घरांच्या दारात रंगाच्या रिकाम्या डब्यात, सोसायटीच्या कंपाउंडलगत, फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुंडीत कुठेतरी दिसतेच. कुणी मुद्दाम लावलेली नसली तरी असते! हिचं मूळ गाव मादागास्कर बेट, पण आता ती आपल्याकडचीच झाली आहे. काही भागांत तिला घायमारी म्हणतात, तर आयुर्वेदाच्या पुस्तकांत पर्णबीज हे नाव सापडतं.

तिचं कूळ म्हणजे क्रॅसुलेसी. लॅटिनमध्ये 'क्रॅसस' म्हणजे जाड. या कुळातल्या बहुतेकांची पानं जाड, गरदार आणि रसाळ असतात. नर्सरीत छोट्या कुंडीत मिळणारं, जमिनीलगत पसरणारं सेडम याच कुळातलं, म्हणजे पानफुटीचं भावंडच. थंड देशांत सेडम खडकांवर, दगडी भिंतींवर, अगदी घरांच्या छपरांवरही वाढतं. खडकाच्या फटीत माती मूठभर, पाऊस पडला की पाणी वाहून जातं आणि ऊन पडलं की दगड तापतो. अशा जागी टिकायचं तर पाणी मातीत नाही, स्वतःच्या अंगात साठवावं लागतं. या कुळाची जाड पानं म्हणजे पाण्याच्या टाक्याच समजा.

आता मूळ प्रश्न. पानफुटीच्या पानाची कड नीट बघायला सांगा. ती करवतीसारखी टोकदार नसते, गोलसर खाचांची असते. प्रत्येक खाचेत एक अगदी बारीक कळी झोपलेल्या अवस्थेत असते. पान झाडावर असेपर्यंत ती सहसा उठत नाही. पान तुटलं, झाडाशी संबंध संपला की ती जागी होते. आधी मुळं, मग दोन इवली पानं. त्यासाठी लागणारं पाणी आणि अन्न त्या जाड पानातच असतं, म्हणून सुरुवातीला मातीचीही गरज लागत नाही. कॅलेंडरच्या खिळ्याला पान अडकवून ठेवा, तिथेही कोंब येतात. जर्मन कवी गटे याला या झाडाचं इतकं वेड होतं की तो मित्रमंडळींना त्याची पानं पाठवायचा. आंब्याच्या पानाच्या कडेला अशी कळी नसते आणि पाण्याचा साठाही नसतो, ते चार दिवसांत वाळून जातं.

इथपर्यंत बरेच जण शिकवतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. मद्रास इलाख्यात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी 1813 च्या एका पत्रात पानफुटीबद्दल एक गंमत लिहिली. लंडनच्या लिनियन सोसायटीने ते पत्र 1815 मध्ये छापलं. पानफुटीचं पान सकाळी चुक्यासारखं आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळकडे कडवट लागतं, अशी त्यांची नोंद होती. पान तेच, झाड तेच, मग चव कशी बदलली?

साधारण झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पण दार उघडलं की आतली पाण्याची वाफही बाहेर जाते. खडकावरच्या झाडाला हे परवडणारं नाही. म्हणून पानफुटी दिवसा दारं बहुतेक बंद ठेवते आणि रात्री गारव्यात उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल ते हेच. सकाळी ऊन आलं की दारं बंद, आणि साठवलेल्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटा करून ती आतल्या आत अन्न बनवते. दिवसभरात आम्ल संपत जातं, म्हणून आंबटपणा जातो. या पद्धतीला कुळाच्या नावावरूनच 'क्रॅसुलेसियन ॲसिड मेटाबोलिझम', थोडक्यात 'कॅम' म्हणतात. अननस, निवडुंग, घायपात हेही असंच करतात.

वर्गात हा प्रयोग जमतो, फक्त चव घ्यायची नाही. एक जून, जाड पान सकाळी सातच्या आत तोडा आणि लगेच ठेचून रसाला पीएच पेपर लावा. त्याच झाडाचं तसंच पान दुपारी चार-पाचला तोडून पुन्हा तपासा. सकाळचा रस जास्त आम्लधर्मी निघतो. कोवळी पानं घेऊ नका, त्यांत फरक कमी दिसतो. ढगाळ पावसाळ्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीतले दिवस चांगले, कारण ऊन भरपूर आणि रात्री गार. शाळा एकाच सत्रात असेल तर संध्याकाळचं पान पालकांकडून तपासून घ्या. मुलांना तेवढंच घरी काम!

यावरून एक गैरसमज दूर करता येतो. 'कॅम झाडं रात्री ऑक्सिजन देतात, बेडरूममध्ये ठेवा' असे मेसेज फिरतात. ती रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतो, त्यामुळे तो दिवसाच तयार होतो. एका कुंडीने खोलीची हवा बदलत नाही.

चव का नको, तर पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात ही आणि हिच्या जवळच्या जाती तण मानल्या जातात, त्या खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. पालकांना हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे मुतखड्यावर पानफुटीची पानं खायची पद्धत सर्रास आहे. मुलं ते बघतात. दगडातून उगवते म्हणजे दगड फोडते, हा विचार फार जुना आहे. 'पाषाणभेद' हे नाव वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पतींना दिलं जातं, त्यांत पानफुटीही येते. पण खडकावर झाड टिकतं ते पाणी जपून वापरल्यामुळे, त्यासाठी त्याला दगड विरघळवावा लागत नाही. खडा किती मोठा आणि कुठे अडकलाय हे सोनोग्राफीत कळतं. पोटात दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं, आणि पानं घेत असाल तर तेही त्यांना सांगावं.

प्रयोगानंतर उरलेली पानं पवनेच्या काठी किंवा टेकडीवर टाकू नका, पडेल तिथे रुजतात. मुलांना एकेक पान द्या आणि वहीत लिहायला सांगा : कितव्या दिवशी मूळ आलं, कितव्या दिवशी पान, आणि कुठल्या खाचेतून आधी.