लाल वाइनची चव आणि जमिनीचा गुण

लाल वाइनची चव द्राक्षाच्या जातीइतकीच ती जात वाढलेल्या मातीवर आणि हवेवर अवलंबून असते. या स्थानगुणाला फ्रेंच भाषेत ‘तेरुआर’ म्हणतात. नाशिक परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, हिवाळ्यातील रात्री गार असल्याने फळातील आम्ल टिकते आणि सालीत रंग व टॅनिन, म्हणजे जिभेला तुरट लागणारे द्रव्य, सावकाश भरते. याउलट विदर्भात, यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्या काळ्या जमिनीत ओल दीर्घकाळ धरली जात असल्याने वेलीचा पाला माजण्याची आणि रस पातळ होण्याची भीती असते. उन्हाळा तर, वैदर्भीयांना सांगायला नकोच, आम्ल झपाट्याने घटवणारा. तेव्हा येथे शिराझ ही लाल वाइनची द्राक्षजात लावायचीच झाली, तर निचऱ्याची मुरमाड जमीन निवडावी आणि काढणी एप्रिलपूर्वी उरकावी.