इग्वानाच्या खाली काय अंथरावे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माजलगावात मी जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. माझ्याकडे येतात त्या मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या आणि बैल. पण हल्ली पुण्याला शिकणारा एखादा मुलगा सुट्टीत हिरवा इग्वाना घेऊन येतो आणि विचारतो, "डॉक्टर, याच्या खाली काय अंथरू?" प्रश्न साधा वाटतो, पण चुकीचे अंथरूण जिवावर बेतू शकते.

इग्वाना हा मध्य व दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहून पाला खाणारा सरडा. समोरची वस्तू तो जीभ लावून पारखतो. खाली वाळू असली की ती पाल्याबरोबर पोटात जाते. अंगात कॅल्शियम कमी असेल तर तो मुद्दामही माती खातो. मग आतड्यात गोळा अडकतो, खाणे सुटते, पोट फुगते आणि कधी शस्त्रक्रियेवाचून उपाय उरत नाही. म्हणून सिंदफणेची वाळू कितीही चाळून घेतली तरी नको.

लाकडाचा भुसा स्वस्त मिळतो, पण त्यात कोणकोणती लाकडे मिसळली आहेत ते कळत नाही. त्याची धूळ फुप्फुसात जाते. देवदारासारख्या लाकडातील तेल तर अपायकारकच. उसाचे पाचट आणि चिपाड ओले झाले की बुरशी धरते. कपाशीच्या शेतातल्या मातीत फवारणीचे औषध उतरलेले असते.

मग काय वापरावे? वाचून झालेले वर्तमानपत्र! गुळगुळीत कागद नको, तो ओल शोषत नाही. साध्या कागदाचे तीन-चार थर घालावेत आणि रोज बदलावेत. विष्ठा पातळ आहे का, तिच्यात रक्त किंवा जंत आहेत का, हे कागदावर लगेच दिसते. वाळूत ते लपून जाते.

या प्राण्याला दमट हवा लागते, म्हणून काही जण अंथरूणच भिजवतात. त्याने पोटाच्या कातडीला फोड येतात. पाणी पानांवर फवारावे, पसरट भांड्यात ठेवावे. खालचा कागद मात्र कोरडा हवा.

अपवाद एकच. मादी नराशिवायही अंडी धरते. त्या वेळी तिला उकरण्यासाठी ओलसर, औषध न मारलेल्या मातीची वेगळी पेटी द्यावी. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात.

पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात. लहान मुलांना हे काम देऊ नये.

शेवटी कायद्याचे. आपली घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील पहिल्या अनुसूचीत आहे; ती पाळणे हा गुन्हा आहे. इग्वाना परदेशी असला तरी २०२४च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. पिंजरा घेण्याआधी ही चौकशी करावी.